सही कोणी करायची?

मित्रहो, आज ज्या चळवळीबद्दल बोलायचं आहे ती एका डॉक्टरच्या राहत्या घरात सुरू झाली. तारीख १५ मे १८९७, ठिकाण बर्लिनला लागून असलेलं शार्लोटेनबुर्ग. चौघे जण जमले होते: डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड, लाइपझिगचे प्रकाशक माक्स श्पोर, रेल्वेतले अधिकारी एडुआर्ड ओबेर्ग आणि लेखक फ्रान्झ योसेफ फॉन ब्यूलो. त्यांनी 'वैज्ञानिक-मानवतावादी समिती' स्थापन केली. समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी काढलेली जगातली पहिली संघटना म्हणून ती ओळखली जाते. जर्मन दंडसंहितेतलं कलम १७५ रद्द करून घ्यायचं, हे तिचं पहिलं काम. पुरुषाचा पुरुषाशी शरीरसंबंध हा त्या कलमाखाली गुन्हा होता, आणि शिक्षा कैदेची.

पण लोक तुरुंगापेक्षा जास्त घाबरायचे ते ब्लॅकमेलला. 'पैसे दे, नाहीतर पोलिसांत जातो' एवढी धमकी पुरायची. मग तो माणूस वर्षानुवर्षं पैसे मोजत राहायचा. खंडणीची तक्रार करावी तर आधी स्वतःच आत जायचा. हिर्शफेल्ड यांच्याकडे येणाऱ्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने लग्नाच्या आदल्या रात्री स्वतःला संपवलं आणि जाताना डॉक्टरांसाठी पत्र ठेवलं. त्या मृत्यूने हिर्शफेल्ड हलले. १८९६ साली त्यांनी समलिंगी प्रेमावर एक पुस्तिका लिहिली, पण ती छापली टोपणनावाने.

हे नावाचं प्रकरण नीट लक्षात घ्या, कारण या चळवळीचा सगळा पेच त्यातच आहे. तीस वर्षं आधी कार्ल हाइनरिश उलरिक्स नावाचे हॅनोवरचे कायदेपंडित असंच टोपणनावाने लिहीत होते. २९ ऑगस्ट १८६७ रोजी म्युनिकला जर्मन कायदेतज्ज्ञांच्या परिषदेत ते उभे राहिले आणि असे कायदे रद्द करा, असं म्हणाले. सभेने आरडाओरडा करून त्यांना बोलूच दिलं नाही. भाषण अर्धवट सोडून ते खाली उतरले, पण पुढची पुस्तिका त्यांनी खऱ्या नावाने छापली. १८६७ सालचं हे धैर्य आहे! मला त्यांच्याबद्दल अपार आदर वाटतो.

समितीने राइशटागकडे, म्हणजे जर्मन संसदेकडे, अर्ज करायचं ठरवलं. त्यावर सह्या कोणाच्या घ्यायच्या? ज्यांच्यासाठी अर्ज, त्यांनी सही करणं म्हणजे स्वतःचा पत्ता पोलिसांच्या हातात देणं. म्हणून समितीने डॉक्टर, प्राध्यापक, वकील, लेखक अशा प्रतिष्ठितांना पत्रं लिहून सह्या गोळा केल्या. पुढे त्या काही हजारांवर गेल्या; आइनस्टाइन, कादंबरीकार थॉमस मान यांच्याही त्यात आहेत. पहिल्या सह्यांपैकी एक समाजवादी नेते आउगुस्ट बेबेल यांची होती. १३ जानेवारी १८९८ रोजी त्यांनी हा विषय थेट राइशटागमध्ये काढला. पोलिसांनी हे कलम खरोखर राबवलं तर एकट्या बर्लिनसाठी दोन नवे तुरुंग बांधावे लागतील, असं त्यांनी सभागृहाला सुनावलं.

मोठ्यांच्या सह्या मागत फिरणं ही कसली चळवळ, असं आज कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. नाव सांगितलं की नोकरी, घर, अब्रू सगळं जाणार होतं, त्या काळात दुसऱ्याच्या नावाचा आडोसा घेऊन का होईना, विषय संसदेत नेला, हे फार मोठं काम आहे. हिर्शफेल्ड स्वतः समलिंगी होते, आणि त्यांनीही ते जाहीरपणे कधी सांगितलं नाही.

समलिंगी माणसं किती, याचे आकडे हवेत म्हणून त्यांनी १९०३ साली तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना निनावी प्रश्नपत्रिका पाठवल्या. काही विद्यार्थ्यांनी 'आमचा अपमान झाला' म्हणून हिर्शफेल्ड यांना कोर्टात ओढलं आणि त्यांना २०० मार्क दंड झाला. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये त्यांची लैंगिक विज्ञान संस्था उभी राहिली: दवाखाना, ग्रंथालय, सल्लाकेंद्र, सगळं एका छताखाली. १९२९ साली राइशटागच्या समितीने कलम काढण्याच्या बाजूने १५ विरुद्ध १३ असं मतही दिलं. पण ते कायद्यात उतरलंच नाही.

१९३१ मध्ये जगप्रवासात हिर्शफेल्ड हिंदुस्थानातही येऊन गेले. इथे मुंबईत र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. समलिंगी संबंधांचा विषयही त्यात होता. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मराठी माणसाने हा खटला विसरता कामा नये.

हिर्शफेल्ड मात्र जर्मनीत परतू शकले नाहीत. ते ज्यू होते. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थी बँड वाजवत संस्थेवर चालून आले आणि १० मे रोजी तिथली पुस्तकं भर चौकात जाळली गेली. ते दृश्य हिर्शफेल्ड यांनी पॅरिसच्या एका चित्रपटगृहात वृत्तपटात पाहिलं. दोन वर्षांनी, स्वतःच्या ६७व्या वाढदिवशी, फ्रान्समध्ये नीस इथे ते गेले.

त्याच वर्षी नाझींनी कलम आणखी कडक केलं. जवळपास ५०,००० पुरुषांना त्याखाली शिक्षा झाल्या. कित्येक हजार जणांना छळछावण्यांत समलिंगी कैद्यांची खूण म्हणून कपड्यांवर गुलाबी त्रिकोण लावून डांबलं. आणि याहून संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा: युद्ध संपल्यावरही पश्चिम जर्मनीने ते नाझी कलम १९६९पर्यंत जसंच्या तसं ठेवलं. पूर्णपणे गेलं ते १९९४ साली. युद्धानंतरच्या शिक्षा रद्द व्हायला २०१७ उजाडलं. तेव्हा सरकारने प्रत्येक शिक्षेमागे ३,००० युरो भरपाई देऊ केली. त्यासाठी अर्ज करायचा होता, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या सहीने. तो करायला फार थोडे वृद्ध पुढे आले. बाकीचे बहुतेक तोवर गेलेले होते.