लहान पोरांना घेऊन लंडन: दिवसाला एकच मोठी गोष्ट

नमस्कार मंडळी! सोलापुरातून बोलतेय. मे महिन्याच्या सुट्टीत पोरांना घेऊन लंडनला जायचं म्हणून विचारणारी मंडळी खूप आहेत. कुणाचा दीर तिकडे आयटीत आहे, कुणाची बहीण लग्न होऊन गेलीय. माझी दोन पोरं आहेत, एक चार वर्षांचं आणि एक सात वर्षांचं. तेव्हा हा व्हिडिओ दहा वर्षांच्या आतली मुलं असलेल्यांसाठी आहे. कॉलेजची पोरं असतील तर त्यांचं लंडन वेगळं.

सगळ्यात आधी मला जे मनापासून सांगायचंय ते सांगते. दिवसाला एकच मोठी गोष्ट बघा, आणि तिच्याजवळची एक बाग. बस्स. "एवढा खर्च करून चाललोय, तर सगळं बघूनच येऊ," असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. त्यांना प्रेमानं समजवा. सकाळी राजवाडा, दुपारी म्युझियम, संध्याकाळी लंडन आयचा मोठा पाळणा असं केलं की तिसऱ्या ठिकाणी पोरगं रडतंय, आई चिडलीय आणि बाबा फोटो काढतायत, असलं चित्र दिसतं.

आणि लंडन या पद्धतीला फार सोयीचं आहे. तिथली मोठी राष्ट्रीय संग्रहालयं 2001 च्या डिसेंबरपासून सगळ्यांना मोफत आहेत. नॅचरल हिस्ट्री म्युझियम, सायन्स म्युझियम, ब्रिटिश म्युझियम, कुठंच मुख्य प्रवेशाला तिकीट नाही. यात पैसे वाचतात हे खरंच, पण माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट दुसरीच आहे. तिकीट काढलं की आपण पैसे वसूल करायला लागतो. पोरगं कंटाळलं तरी "अजून वरचा मजला राहिलाय" म्हणून त्याला ओढत नेतो. फुकट जागेतून तासाभरात बाहेर पडलं तरी काही बुडत नाही. वाटलं तर परवा परत जा. फक्त वेबसाइटवर आधी वेळेचं मोफत तिकीट घेऊन ठेवा, म्हणजे दारात रांग कमी लागते.

नॅचरल हिस्ट्रीचंच सांगते. पोरांना घेऊन एकच जागा बघायची असेल तर मी हीच सांगेन. आत शिरलं की मोठा दिवाणखाना, आणि वर छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा. त्याचं नाव होप. लांबी 25.2 मीटर. आपल्या दोन एसट्या एकामागे एक उभ्या केल्या तरी हा उरतो! सांगाड्याचं वजन साडेचार टन. 1891 साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर हा देवमासा अडकला होता, आणि 2017 पासून तो इथं टांगलाय. तोंड उघडून पाण्यात सूर मारतोय अशा बेतानं लावलाय. खालून बघताना जबड्याची ती दोन वाकडी हाडं थेट आपल्यावर आल्यासारखी वाटतात. माझं धाकटं तिथं बराच वेळ मान वर करून उभं होतं, आणि मग त्यानं विचारलं, "ह्याचे डोळे कुठं गेले?" असा प्रश्न आला की थांबायचं. डोळे, कातडी, चरबी सगळं कसं गेलं आणि हाडंच कशी राहिली, हे तिथं उभं राहूनच सांगायचं. डायनासोर बघायला पाच मिनिटं उशीर झाला तर झाला.

तिथून बाहेर पडलात की चालत केन्सिंग्टन गार्डन्स. तिथं डायनाच्या स्मरणार्थ केलेलं मुलांचं मैदान आहे, मधोमध चाच्यांचं लाकडी जहाज. किंवा रसेल स्क्वेअरजवळ कोरम्स फील्ड्स. या बागेचा नियम मला फार आवडतो: सोबत लहान मूल असेल तरच मोठ्या माणसाला आत प्रवेश. ब्रिटिश म्युझियमला जोडून ही बाग ठेवा, दोन्ही एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत.

सेंट जेम्स पार्कही सोडू नका. बकिंगहॅम राजवाड्याजवळच आहे. तिथल्या तळ्यात पेलिकन आहेत, आणि 1664 पासून त्या बागेत पेलिकन पाळतायत. पहिले पेलिकन रशियाच्या राजदूतानं राजाला भेट दिले होते. उजनीचे रोहित पक्षी बघितलेली आपली पोरं या पक्ष्यांकडे फार बारकाईनं बघतात, एवढी मोठी चोच कशासाठी म्हणून.

राजवाड्यासमोरची पहारा बदलण्याची कवायत? लहान पोरांसाठी मी नाही म्हणेन. तासभर आधी जाऊन उभं राहायचं आणि पोरांना दिसतात फक्त लोकांच्या पाठी. त्यापेक्षा त्याच बागेच्या दुसऱ्या टोकाला हॉर्स गार्ड्सला जा. तिथं घोडेस्वारांचा पहारा बदलतो, रोज अकराला आणि रविवारी दहाला. गर्दी कमी, आणि घोडे अगदी जवळून दिसतात. हात मात्र लावू देऊ नका, घोडे चावतात.

आता आपल्या मराठी माणसांसाठी एक दिवस. 10, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना 1921-22 मध्ये या घरात राहायचे. महाराष्ट्र सरकारनं 2015 साली हे घर विकत घेतलं, आता तिथं स्मारक आहे. सात वर्षांच्या पोराला सगळं कळेल असं नाही. पण आपल्या चौकात ज्यांचा पुतळा आहे ते इथं, या खोलीत बसून अभ्यास करायचे, एवढं त्याला नक्की कळतं. उघडं असल्याची खात्री करून जा. आणि घराजवळच प्रिमरोज हिलची टेकडी आहे. वर गेलात की अख्खं लंडन समोर. उतरताना पोरं गवतावरून लोळत येतात. मोठ्यांचं दर्शन झालं, पोरांचा खेळ झाला, दोन्ही एका सकाळीत.

प्रवासाचं. अकरा वर्षांखालची मुलं बस आणि भुयारी रेल्वेत मोफत. या भुयारी रेल्वेला तिकडे ट्यूब म्हणतात, आणि तिच्यात एका मोठ्या माणसाबरोबर चार मुलांपर्यंत. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कार्ड टॅप करायचं. प्रत्येक मोठ्या माणसाचं कार्ड वेगळं हवं, आणि दिवसभर तेच एक कार्ड वापरायचं, म्हणजे ठराविक रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत.

पण बाबागाडी असेल तर भुयारी रेल्वे जपून. 1863 साली सुरू झालेली ती रेल्वे, बऱ्याच स्टेशनांवर लिफ्टच नाही. कोव्हेंट गार्डन स्टेशनला लिफ्टऐवजी जिन्यानं गेलात तर 193 पायऱ्या! विमानतळावरून येताना एलिझाबेथ लाइन ही रेल्वे घ्या. ती 2022 ला सुरू झाली, नवीन आहे, हीथ्रोपासून शहरापर्यंत लिफ्ट आहेत. शहरात फिरायला बस. 15 नंबरची बस ट्रॅफल्गर स्क्वेअरवरून सेंट पॉल्स चर्चवरून टॉवर ऑफ लंडन किल्ल्यापर्यंत जाते. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट पकडा, पोरांना लंडन आयची आठवणही येणार नाही. बसमधली बाबागाडीची जागा मुळात व्हीलचेअरसाठी आहे. कुणी व्हीलचेअरवर आलं की आपण गाडी घडी करायची, म्हणून हलकी, एका हातानं मिटणारी गाडीच न्या.

एक दिवस ग्रीनिचला, म्हणजे जगाची घड्याळं जिथून मोजतात तिथं, डीएलआर नावाच्या छोट्या रेल्वेनं जा. या गाडीत पुढं ड्रायव्हरची केबिन नाही. अगदी पुढच्या काचेला नाक लावून बसता येतं. आमच्या थोरल्याला ग्रीनिचपेक्षा ती गाडीच लक्षात राहिली, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

झोपेचं गणित महत्त्वाचं. उन्हाळ्यात तिथली घड्याळं आपल्यापेक्षा साडेचार तास मागं. म्हणजे आपल्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा तिथं पहाटेचे साडेतीन. पहिले दोन-तीन दिवस पोरं तेव्हाच उठणार. रागवू नका, त्याचा फायदा घ्या. खाऊ घाला, आवरा आणि बागेत पहिले पोचा. दुपारी परत येऊन झोपवा. संध्याकाळी उलटी अडचण. जूनमध्ये तिथं सूर्य मावळतो नऊ वाजून गेल्यावर. खिडकीतून ऊन येत असताना पोरगं झोपणार कसं? (चादर कॅमेऱ्यासमोर उघडून) ही आपली सोलापुरी चादर. पडद्याच्या दांडीवर दुहेरी करून टाका, कपड्यांच्या चिमट्यांनी दोन्ही टोकं धरा. खोलीत अंधार होतो. जाड आहे, जकार्डवर विणलेली, उजेड आत येत नाही. शिवाय विमानात पांघरायलाही हीच.

खायचं काय न्यायचं? इथं नीट ऐका. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर घरीच. तान्ह्या बाळाची दुधाची पावडर सीलबंद डब्यात चालते. आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मात्र जाते, आणि तिच्यासारखं प्रवासाचं खाणं नाही. पण चटणीचा डबा विमानात किंवा खेळाच्या मैदानात उघडताना आजूबाजूला बघा, आणि दुसऱ्याच्या पोराला कौतुकानं घास देऊ नका. शेंगदाण्याची ॲलर्जी तिकडे बऱ्याच मुलांना असते, काहींच्या जिवावर बेतते. ताजं गरम खायचं तर युस्टन स्टेशनजवळ ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी भारतीय हॉटेलं आहेत. नळाचं पाणी पिण्याचं असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

औषधं इथूनच, आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीसह. तिकडे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक सहसा मिळत नाही. प्रवास विमा पोरांचाही काढा. तब्येतीचा साधा सल्ला हवा असेल तर 111 ला फोन करा, जीवघेणं काही असेल तर 999 ला.

आणि शेवटची तयारी इथंच, निघायच्या आधी करून घ्या. पोरगं हरवलं तर काय करायचं? ट्यूबच्या दारात चुकामूक होऊ शकते. नियम ठरवा: आपण आत आणि पोरगं बाहेर राहिलं, तर त्यानं तिथंच उभं राहायचं, आपण पुढच्या स्टेशनवरून परत येणार. पोरगं आत आणि आपण बाहेर, तर त्यानं पुढच्या स्टेशनवर उतरून थांबायचं. हातावर पेननं तिकडचा फोन नंबर लिहा. तुमचं पूर्ण नाव त्याला पाठ हवं. तिकडच्या पोलिसाला "मम्मी" सांगून काही कळणार नाही. संध्याकाळी आपल्या नवी पेठेच्या बाजारात गर्दीच्या वेळी जा आणि पोराला खरंच विचारा: आत्ता मी दिसले नाही, तर तू कुठं उभा राहशील, कुणाला सांगशील? ते न अडखळता उत्तर देईपर्यंत रोज विचारा.

व्हिसाचे कागद, पुण्याच्या सेंटरला पोरांना घेऊन जाणं, हे सगळं पुढच्या व्हिडिओत. प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, तेवढं आत्ताच लक्षात ठेवा आणि पासपोर्ट काढून ठेवा.