राजाची शिंगं आणि बब्बन हज्जाम

(इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘अद्भुतकथा, सरकारी गुपितं आणि वृत्तपत्रस्वातंत्र्य’. खाली बारीक अक्षरांत ‘नंतर अल्पोपाहार’. त्यामुळे ही गर्दी कशासाठी जमली आहे, याबद्दल माझा काही गैरसमज नाही. कचोरी गरम आहे असं कळलंय, आटोपतं घेतो.

अद्भुतकथा म्हटलं की आमचा नातू हॅरी पॉटर काढतो. त्याच्या पाचव्या भागात मंत्रालय आणि वर्तमानपत्र मिळून त्या पोराला खोटारडा ठरवतात. छान आहे. पण आपल्याला एवढं लांब कशाला जायचं? उज्जैन इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. लोककथेतल्या विक्रमाचं गाव. वेताळ त्याला काय म्हणतो? उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं होतील, आणि बोललास तर मी चाललो परत झाडावर. पत्रकारितेच्या नोकरीची अट इतकी स्पष्ट शब्दांत कुठल्याही नेमणूकपत्रात नसते.

आणि तो टोपीवाला उंदीर! राजानं टोपी हिसकावली, तर हा ढोलकं बडवत गावभर सांगतो, ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली.’ राजानं वैतागून टोपी परत फेकली, तर ‘राजा मला भ्याला, माझी टोपी दिली.’ घेतली तरी बातमी, दिली तरी बातमी. वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हा उंदीर येतो, आणि आपण टाळ्या वाजवून घरी जातो. माझी तक्रार तिथेच आहे. उंदराची टोपी त्याची स्वतःची होती. त्याला कुणी आतून खबर दिलेली नव्हती. खरी गोष्ट बब्बनची आहे.

ती तुम्ही ऐकली असेलच, पण मी सांगणार. माझी आजी सांगायची तशी, म्हणजे मराठीत सुरू होऊन शेवटी हिंदीत जाणारी. इंदूरच्या आज्या तशाच. एका राजाच्या डोक्यावर दोन शिंगं. फेट्याखाली झाकलेली. नवा न्हावी आला, बब्बन. राजा म्हणाला, बाहेर बोललास तर मुंडकं उडवीन. बब्बन घरी आला आणि त्याचं पोट फुगायला लागलं. (इथे आजी आमच्याकडे बघून म्हणायची, चुगली पोटात ठेवली की असंच होतं.) शेवटी तो रानात गेला आणि एका झाडाच्या ढोलीत तोंड घालून सांगून आला. पोट उतरलं. पुढे ते झाड तोडलं गेलं, त्याच्या लाकडाची सारंगी, तबला आणि ढोलक झाली, आणि भर दरबारात सारंगी गायला लागली, ‘राजा के सींग, राजा के सींग!’ तबला विचारतो, ‘किन्ने कहा? किन्ने कहा?’ आणि ढोलक ठणकावते, ‘बब्बन हज्जाम ने!’

इंदुरात राजाच्या शिंगांची गोष्ट सांगताना जरा इकडेतिकडे बघावं लागतं. हसू नका. १९२२ साली इंग्रज सरकारनं संस्थानिकांना वर्तमानपत्रांपासून वाचवायला खास कायदा केला. विधिमंडळानं तो दाखलसुद्धा करून घेतला नाही, तेव्हा व्हाइसरॉय रीडिंगनं आपल्या अधिकारात पुढे रेटला. आणि तीनच वर्षांत, जानेवारी १९२५ मध्ये, मुंबईत मलबार हिलवर बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत इंदूर दरबार सोडून गेलेली नर्तकी मुमताज बेगम होती, आणि तिला पळवायला आलेले मारेकरी इंदूरचे निघाले. खटला उभा राहिला. पेपरांनी महिनोन्‌महिने रकाने भरले. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्यापुढे पर्याय ठेवला गेला, चौकशीला सामोरे जा नाहीतर गादी सोडा. १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी गादी सोडली, चौकशी झालीच नाही. म्हणजे फेटा उतरला, पण खाली काय होतं ते दप्तरात गेलं. असो, राजवाड्याजवळ राहणारी मंडळी बसली आहेत, पुढे जातो.

मुद्दा तबल्याचा आहे. दरबारात कुणीही विचारत नाही की शिंगं आहेत का. विचारतात, कुणी सांगितलं? २०१९ साली राफेल विमानखरेदीच्या फेरविचार याचिकांमध्ये सरकारचा पहिला आक्षेप हाच, की छापलेले कागद मंत्रालयातून चोरीला गेलेले आहेत, ते बघूच नका. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिलमध्ये तो आक्षेप फेटाळला, पण तबला वाजला तो वाजलाच.

आता माझी घरची कहाणी. आमच्या गल्लीतली नाली पावसाळ्यात उलटी वाहते. मी एका कार्यालयाकडे माहिती अधिकारात तिचा मंजूर नकाशा मागितला. उत्तर आलं, कलम ८(१)(क) अन्वये देता येत नाही. मी कायदा उघडला. ते कलम देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता यांचं! मी बायकोला म्हटलं, अगं, आपली नाली सरहद्दीपर्यंत जाते. ती म्हणाली, म्हणूनच तुंबते, फार लांब आहे. अपिलात नकाशा मिळाला. त्यात नाली सरळ दाखवली होती. शिवाय ज्या बाबूनं अपिलात कुठलं कलम लावायचं हे मला कानात सांगितलं, त्याचं नाव मी इथे घेणार नाही. कारण आता सांगतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मूळ व्याख्यान आता सुरू होतंय.

शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा. त्यात ‘गुपित’ म्हणजे काय याची व्याख्या नाही, आणि कलम ५ सांगणाऱ्यालाही धरतं, ऐकणाऱ्यालाही. म्हणजे बब्बनही आत, झाडही आत. २००५ च्या माहिती अधिकारानं कलम २२ मध्ये स्वतःला या कायद्याच्या वर ठेवलं, कलम ८(२) मध्ये लोकहित मोठं असेल तर गुपित उघडा म्हटलं. कागदावर उत्तम. पण १९६२ च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल अजून सरकारनं उघडलेला नाही. साठ वर्षांवर गेली. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक गुपिताला मुदत हवी, आणि ती मुदत शिक्का मारतानाच लिहावी लागावी.

दुसरं, बब्बनचं काय? १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याचं कलम १५(२) पत्रकाराला सूत्राचं नाव सांगायला भाग पाडता येणार नाही म्हणतं, पण फक्त प्रेस कौन्सिलपुढे. कोर्टात ते कामाचं नाही. विधी आयोगानं १९८३ मध्ये, ९३ व्या अहवालात, पुरावा कायद्यात त्यासाठी कलम घाला असं सुचवलं होतं. जुलै २०२४ पासून त्या पुरावा कायद्याच्या जागी नवा साक्ष्य अधिनियम लागू झाला. वकीलमंडळी मागे बसली आहेत, त्यांनी घरी जाऊन त्यात ते कलम शोधावं. मला सापडलं नाही. प्रश्न कचोरीनंतर घेऊ.