प्रोग्रेस बारमधले टक्के येतात कुठून

प्रोग्रेस बार दाखवायला दहा ओळी पुरतात. त्यातला आकडा खरा ठेवायला मात्र डोकं लागतं. वेब पेजवरून फाइल किंवा डेटा उतरवताना आणि चढवताना दिसणाऱ्या त्याच आकड्याबद्दल आज बोलू.

एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट (थोडक्यात एक्सएचआर) म्हणजे जावास्क्रिप्टमधून सर्व्हरला विनंती पाठवायचं जुनं साधन. त्याचा रेडीस्टेट, म्हणजे विनंतीचा टप्पा, 0 ते 4 असा चढतो, पण त्यावरून टक्के काढू नका. 3 म्हणजे मजकूर यायला लागला, एवढंच. मोजायचं ते प्रोग्रेस इव्हेंटवर. मोठा प्रतिसाद उतरत असताना तो दर 50 मिलिसेकंदांत जास्तीत जास्त एकदा येतो आणि लोडेड (आलेले बाइट), टोटल (एकूण बाइट), लेंग्थकॉम्प्युटेबल (एकूण आकार माहीत आहे का) असे तीन गुणधर्म आणतो. आधी तिसरा तपासा. तो फॉल्स असेल तर टोटल 0 असतं, आणि भागाकार केलात की बारवर ‘इन्फिनिटी’ उमटते.

फॉल्स येतं ते बहुतेकदा सर्व्हरने उत्तराचा आकार सांगणारा कंटेंट-लेंग्थ हेडर न पाठवल्यामुळे. उत्तर तुकड्यातुकड्याने तयार होत असेल तर एकूण आकार त्यालाही आधी माहीत नसतो. अशा वेळी प्रोग्रेस टॅगला व्हॅल्यू देऊच नका. ब्राउझर आपोआप अनिश्चित पट्टी दाखवतो. शेजारी किती केबी आले ते लिहा. अंदाजाने 90 टक्क्यांपर्यंत सरकवलेली पट्टी ही वापरणाऱ्याची फसवणूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

फेच, म्हणजे विनंती पाठवायची नवी पद्धत, वापरली तर वेगळा घोळ होतो. रिस्पॉन्सच्या बॉडीवर गेटरीडर लावून तुकडे मोजले, तर ते जीझिप (पाठवताना मजकूर दाबून लहान करायची पद्धत) सुटल्यानंतरचे असतात. कंटेंट-लेंग्थ मात्र दाबलेल्या आकाराची असते. 200 केबीचं जेसन उलगडून 1200 केबी झालं, की पट्टी 600 टक्के दाखवते! यावर उपाय म्हणजे न दाबलेला मूळ आकार वेगळ्या हेडरमधून पाठवणं. विनंती दुसऱ्या डोमेनवर जात असेल, तर ॲक्सेस-कंट्रोल-एक्स्पोज-हेडर्समध्ये त्याचं नाव घालायला विसरू नका, नाहीतर स्क्रिप्टला तो दिसणारच नाही.

अपलोडसाठी मात्र अजूनही एक्सएचआरच घ्या. त्याच्या अपलोड ऑब्जेक्टवर लिसनर (इव्हेंट आला की चालणारी फंक्शन्स) लावायचे ते सेंड बोलावण्याआधी. नंतर लावलेत तर एकही इव्हेंट मिळत नाही. दुसऱ्या डोमेनवर पाठवताना या लिसनरमुळेच आधी ऑप्शन्सची प्रीफ्लाइट, म्हणजे परवानगी विचारणारी, विनंती जाते. सर्व्हरने तिला नीट उत्तर दिलं नाही, तर कालपर्यंत चालणारं अपलोड आज बंद पडतं आणि कारण सापडता सापडत नाही. फॉर्मडेटाने पाठवलेल्या फाइलचं टोटल तिच्या साइझपेक्षा थोडं जास्त भरतं, कारण मल्टिपार्टच्या, म्हणजे भाग पाडून पाठवायच्या स्वरूपाच्या, सीमारेषा आणि हेडरही त्यात धरलेले असतात.

पट्टी 100 वर जाऊन अडकते, ही नेहमीची तक्रार. तिथे 100 म्हणजे ब्राउझरने बाइट पुढे ढकलले, एवढंच. ते वाटेतल्या बफरमध्ये असतील, किंवा सर्व्हर फोटोचे थंबनेल बनवत असेल. म्हणून अपलोडचा लोड इव्हेंट आला की ‘सर्व्हरवर प्रक्रिया चालू आहे’ असं लिहा, आणि ‘झालं’ म्हणा ते विनंतीचा स्वतःचा लोड आल्यावर, तेही स्टेटस 200 ते 299 मध्ये असेल तरच. 404 आणि 500 लाही लोडच येतो. एरर येतो तो नेटवर्क तुटल्यावर किंवा कॉर्सने (दुसऱ्या डोमेनवरच्या विनंत्यांसाठीच्या ब्राउझरच्या नियमांनी) अडवल्यावर.

टाइमआउट मुळात 0 असतो, म्हणजे मर्यादाच नाही, तेव्हा तो स्वतः ठरवा. आणि पट्टी काढून टाकायची ती लोडएंडमध्ये. लोड, एरर, अबॉर्ट, टाइमआउट यांपैकी काहीही झालं तरी शेवटी तो येतोच.