लावलेल्या झाडाचा दुसरा उन्हाळा

(मराठवाड्यातील बालाघाट डोंगररांगेतल्या एका गावी भरलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

सरपंच ताई, शिबिराचे कार्यक्रम अधिकारी, गावातील वडीलधारी मंडळी आणि विद्यार्थी मित्रांनो,

निमंत्रणपत्रिकेवर आजच्या विषयाचे तीन भाग छापले आहेत: निसर्गसंवर्धन, समाजसेवा आणि व्यक्तिमत्त्व विकास. शिबिराच्या वेळापत्रकातही त्यांना तीन वेगळ्या वेळा दिलेल्या दिसतात. सकाळी श्रमदान, दुपारी सर्वेक्षण आणि सायंकाळी बौद्धिक. वेळापत्रकाची ती गरज असेल. मला मात्र असे मांडायचे आहे की या तिन्ही गोष्टी एकाच सवयीतून येतात, आणि ती सवय म्हणजे हाती घेतलेल्या कामाचे कौतुक ओसरल्यानंतरही त्याची निगा राखत राहणे. आरंभाला आपल्याकडे माणसे पुष्कळ मिळतात. नारळ फोडायला, फीत कापायला, रोप खड्ड्यात ठेवताना छायाचित्रात उभे राहायला गर्दी असते. मार्च लागला की त्याच रोपाला पाणी घालायला कोण येते, याची नोंद मात्र कुणी ठेवत नाही.

बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यात मातीचा थर पातळ आहे. हातभर खणले की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. पावसाळ्यात लावलेले कडुलिंबाचे किंवा चिंचेचे रोप दिवाळीपर्यंत टवटवीत दिसते, कारण वरच्या मातीत ओल असते. ती ओल संपेपर्यंत त्याचे मूळ मुरमाच्या भेगेत उतरले नसेल, तर पुढचे चार महिने त्याला कुणीतरी आणून घातलेल्या पाण्यावरच काढावे लागतात. पहिला उन्हाळा निभावला तरी काम संपत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात रोप मोठे झालेले असते, त्याची तहान वाढलेली असते, आणि आपला उत्साह नेमका तेव्हाच आटलेला असतो. आळे मोडलेले, भोवतीचे काटेरी कुंपण सरपणाला गेलेले, बुंध्याशी घातलेले पालापाचोळ्याचे आच्छादन वाऱ्याने उडालेले, अशा स्थितीत ते झाड मरते, आणि जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवे रोप लावून नवे छायाचित्र काढले जाते.

शेळीला वृक्षारोपणाचा शत्रू ठरवण्याची एक पद्धत आहे. ज्या घरात दोन शेळ्यांवर मीठ-मिरचीचा खर्च भागतो, त्या घरातल्या बाईला विचारल्यावाचून गायरानात खड्डे खणले, तर शेळी तिथे जाणारच. चराईची वाट कोणती, पाणवठा कुठे, उन्हाळ्यात जनावरे कोणत्या सावलीला बसतात, हे त्या बाईकडून समजून घेतले, तर झाडांची जागाही बदलेल आणि राखणही तीच करील. निसर्गाची काळजी आणि माणसाची काळजी या दोन खात्यांतल्या गोष्टी नाहीत, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

जाता जाता एक सांगतो, कारण ते फारसे बोलले जात नाही. प्रत्येक उघडा माळ हा उजाड माळ नसतो. पवन्या, मारवेल यांसारख्या गवतांचा माळ हा स्वतःच एक पूर्ण निसर्ग आहे. काळवीट, लांडगा, माळावर जमिनीलगत घरटी करणारे पक्षी, आणि मेंढ्या घेऊन फिरणारा धनगर, हे सगळे त्या गवतावर अवलंबून असतात. तिथे घाईने सुबाभूळ किंवा गिरिपुष्प लावणे म्हणजे हिरवाईच्या नावाखाली एक चांगली चालती व्यवस्था मोडणे होय. निगा राखण्याआधी ओळख करून घ्यावी लागते, आणि ओळख शिबिराच्या सात दिवसांत होत नाही.

आता पाण्याकडे येतो. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तुम्ही लहानपणी ऐकले असेल. सुरुवातीच्या गाडीला १० वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे, होत्या. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली आणि तिच्या एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी येत असे. ज्यांनी ते पाणी दिले, भरले आणि आणले त्यांचे उपकार लातूरकर विसरलेले नाहीत आणि विसरूही नयेत. पण त्याच्या शेजारी दुसरा एक हिशेब मांडून पाहा. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी पडते. आपल्या भागात बऱ्या वर्षी ढोबळमानाने ७०० मिलिमीटर पाऊस होतो असे धरले, तर एका एकरावर वर्षाकाठी सुमारे २८ लाख लिटर पाणी पडते. म्हणजे ५० वाघिणींच्या त्या अख्ख्या गाडीपेक्षा तुमच्या बापाच्या एका एकरावर आभाळातून जास्त पाणी उतरते. ते सगळे धरून ठेवता येत नाही, हे मला माहीत आहे. त्यातले बरेचसे वाफ होऊन जाते, काही पिकाला लागते, काही ओढ्याने वाहून जाते. तरीही जे वाहून जाते त्यातला काही भाग बांधावर, उताराला आडव्या खणलेल्या सलग समतल चरात, नाल्याच्या बंधाऱ्यात अडवणे आपल्या हातात असते, आणि ते काम कोणत्याही आणीबाणीच्या गाडीपेक्षा स्वस्त आणि शांतपणे होणारे आहे.

जुनी माणसे सांगतात की १९७२ च्या दुष्काळात खायला अन्न नव्हते, पण विहिरीला पाणी होते. अलीकडच्या दुष्काळांत रेशनचे धान्य मिळते आणि पाणी मिळत नाही. याचे कारण आपल्या पायाखाली आहे. दख्खनच्या या काळ्या पाषाणात पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. हा साठा मुळातच बेताचा. साध्या विहिरीच्या काळात उपसा मोटेपुरता, पुढे विजेच्या पंपापुरता होता. कूपनलिका आल्यावर आपण सहाशे-सातशे फुटांवरच्या भेगाही रिकाम्या करू लागलो, आणि त्यात उसासारखे पीक वाढले. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर शेतीसाठी घेण्यास मनाई आहे. साठ मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. आपल्या शिवारातल्या बोअरची खोली विचारा, म्हणजे कायदा कुठे राहिला ते कळेल. आपण खोल गेलो की शेजाऱ्याची विहीर आटते. पाण्याच्या बाबतीत शेजारधर्म असा थेट फुटांत मोजता येतो.

बहात्तरच्या त्या दुष्काळात लाखो हातांनी खडी फोडली, रस्ते केले आणि पाझर तलावही खणले. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला, आणि सबंध देशाने नंतर ज्याचे अनुकरण केले असा कामाचा हक्क महाराष्ट्राने आधी दिला. त्या तलावांपैकी कितीतरी आज गाळाने भरले आहेत. खणणाऱ्यांच्या नातवंडांनी तो गाळ उपसून शेतात घातला, तर तलावाची धारणशक्ती वाढते आणि हलक्या जमिनीचा पोतही सुधारतो. शासनाची त्यासाठी २०१७ पासूनची योजनाही आहे. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरला गोल फिरत जाणाऱ्या पायऱ्यांची जुनी बारव आहे. ती दगडमातीने बुजली होती. काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी ती उपसली, आणि आता लांबून लोक ती पाहायला येतात. मराठवाड्यात अशा बारवा गावोगाव आहेत. ज्यांनी त्या बांधल्या त्यांची नावे बहुतेक ठिकाणी कुणाला आठवत नाहीत, पण ज्या गावांनी त्या स्वच्छ ठेवल्या त्या गावांना आजही त्यांचा उपयोग आहे.

इथपर्यंत झाडे आणि पाणी झाले. माणसांच्या मदतीबद्दल बोलायचे तर मराठवाड्यात किल्लारीचा उल्लेख टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून माणसे झोपी गेलेली असताना भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, यांनीच घरात झोपलेल्यांचा घात केला. त्यानंतर देशभरातून मदत आली, परदेशातून आली, आणि ती खरोखर मोठी होती. मला मात्र जे सर्वांत मोलाचे वाटते ते पहिल्या महिन्यात घडलेले नाही.

पूर्ण कोसळलेली गावे नव्याने वसवण्यात आली. पण ज्यांची घरे तडकली होती, अशी शेकडो गावे जागेवरच राहिली आणि तिथल्या घरमालकांनी आपली घरे दुरुस्त करून मजबूत करायची होती. अभियंता महिन्यातून कधीतरी येणार, अनुदानाचा हप्ता कामाच्या टप्प्यावर मिळणार, आणि भिंतीला पट्टा का बांधायचा, कोपरा कसा सांधायचा हे कुणी समजावून सांगणार नाही, अशी परिस्थिती होती. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. यांतल्या बऱ्याच जणी तोवर ग्रामसभेत बोललेल्या नव्हत्या. त्यांनी बांधकामाची पद्धत शिकून घेतली, ती शेजारणींना सांगितली, हप्ता का अडला ते तालुक्याला जाऊन विचारले, गवंड्याला खोटे काम करताना हटकले. हे काम वर्षानुवर्षे चालले. पुढे २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या काही स्त्रिया कच्छमध्ये गेल्या आणि तिथल्या बायकांशी बसून बोलल्या. घर पडल्यावर काय काय होते आणि त्यातून कसे निघायचे, हे त्यांना कुणाच्या पुस्तकातून सांगावे लागले नाही.

त्या स्त्रियांसाठी कुणी व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घेतले नव्हते. कचेरीत धीटपणे बोलणे, हिशेब वाचता येणे, चार माणसांचे भांडण मिटवणे, परक्या मुलखात जाऊन तिथल्या माणसाचे ऐकून घेणे, हे जे गुण तुम्हांला शहरात फी भरून शिकवले जातात, ते त्यांना एकाच कामात टिकून राहिल्यामुळे आले. आधी स्वतःला घडवावे आणि मग समाजाकडे वळावे, असा उपदेश तुम्ही पुष्कळ ऐकाल. माझा त्यावर विश्वास नाही. घडण्याची जागा कामात असते; बाजूला बसून माणूस तयार होतो आणि मग कामाला लागतो, असे मी तरी पाहिलेले नाही.

पैठणच्या नाथांनी रामेश्वराकडे नेण्याची गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा अशा शिबिरांत वक्ते हमखास सांगतात आणि करुणेचे गुणगान करून थांबतात. मला त्या कथेत आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ते पाणी काशीपासून खांद्यावर वाहून आणलेले होते. ज्याने कावड वाहिली नाही त्याला पाणी देऊन टाकणे सोपे. नाथांना त्या पाण्याची किंमत पावलापावलाने ठाऊक होती. आपण जे देतो त्यात आपले काय गेले, हे आपल्याला ठाऊक असणे, हा मदतीचा एक भाग आहे, आणि जुन्या कपड्यांचे गाठोडे देऊन तो साधत नाही.

आता या गावाकडे पाहा. दसरा-दिवाळी झाली की इथला कोयता, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, निघतो. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली ही जोडपी साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात ती उन्हाळा लागल्यावर परततात. म्हणून तुमच्या शिबिराच्या दिवसांत गावात दिसतात त्या बहुतेक म्हाताऱ्या आज्या, काही आजोबा, आणि त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडे. या आजीला तुमच्या पथनाट्याची करमणूक होईल, पण तिची गरज वेगळी आहे. तिचे श्रावणबाळ योजनेचे पैसे हयातीचा दाखला न दिल्यामुळे थांबलेले असू शकतात. बोटांचे ठसे झिजल्यामुळे यंत्र तिला ओळखत नसेल. रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या असतील आणि आरोग्य उपकेंद्रापर्यंत जायला कुणी नसेल. तिची कागदपत्रे एका पिशवीत नीट लावून देणे, तिच्याबरोबर बँकेत जाऊन रांगेत उभे राहणे, ही कामे छायाचित्रात चांगली दिसत नाहीत. सर्वेक्षणाचा अर्ज भरताना ‘कुटुंबातील व्यक्तींची संख्या’ विचारून पुढच्या दाराला जाऊ नका. बसा, चहा दिला तर घ्या, आणि विचारा की यंदा मुलगा-सून कोणत्या कारखान्याला गेली आहेत.

राष्ट्रीय सेवा योजनेत तुम्हांला दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. प्रमाणपत्र मिळते, काही ठिकाणी गुणही मिळतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पण ते तास एका हंगामात उरकण्यापेक्षा वर्षभर पातळ करून वाटले, तर त्याच तासांत झाडही जगते आणि आजीचा दाखलाही वेळेवर जातो.

म्हणून कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की उद्या सकाळी नवे खड्डे खणू नयेत. गेल्या वर्षीच्या शिबिरात लावलेली झाडे आधी मोजावीत, जगलेल्यांची आळी दुरुस्त करावीत आणि मेलेली का मेली ते शेजारच्या शेतकऱ्याला विचारून लिहून घ्यावे. ती वही ग्रामपंचायतीत ठेवावी. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत आठवड्यातून एकदा इथे कोण येणार, त्यांची नावे आणि गावे त्याच वहीत असावीत. अंबाजोगाईहून, केजहून येणाऱ्यांनी दुचाकी आळीपाळीने काढावी, म्हणजे पेट्रोलचा बोजा एकट्यावर पडणार नाही. ज्या आज्यांचे दाखले राहिले आहेत त्यांची यादी सरपंच ताईंकडे आहे, असे मला आत्ताच कळले. ती यादी आज रात्रीच गटांत वाटून घ्या. तुमच्या काही शंका असतील तर आता विचारा; वडीलधाऱ्यांपैकी कुणाला माझे म्हणणे पटले नसेल, तर ते मला आधी ऐकायला आवडेल.