शुगरचं मशीन, मोबाईल आणि आत्याची दीड भाकर

नमस्कार मंडळी. मे महिन्यातली गोष्ट. गेवराईहून आत्याचा फोन. आवाज रडवेला. “अरे, मशीन ३१२ दाखवायलंय! काय करू?” मी विचारलं, आत्ता काय करायलीस? तर म्हणे, पाहुणे आलेत, केसर आंबे पिळायलेय. “पण रस चाखला बी नाही रे मी!”

म्हटलं, हात साबणानं धू, कोरडे कर आणि पुन्हा बोट टोच. १६८.

आंब्याचा रस बोटाला लागलेला होता. तो रक्ताच्या थेंबात उतरला आणि पट्टीनं तोही मोजला. पट्टीवर एन्झाइम असतं, ते ग्लुकोजशी क्रिया करतं, त्यातून बारीकसा विजेचा प्रवाह निघतो आणि मशीन त्याचा आकडा करून दाखवतं. ग्लुकोज रक्तातलं की आंब्यातलं, हे त्याला काय कळणार? आणि पदराला बोट पुसून भागत नाही बरं का. पाणीच लागतं.

आता मुद्द्यावर येतो. मोबाईलवर शुगरची ढीगभर ॲप आहेत. मी चार-पाच उतरवून बघितली. जेवणाच्या यादीत ओट्स आहेत, पास्ता आहे, पिठलं-भाकर कुठंय? शिवाय आत्याचा फोन दिवसभर नातवाच्या हातात असतो. म्हणून आम्ही ॲपचा नाद सोडला आणि फोनमधल्या दोनच गोष्टी धरल्या: कॅमेरा आणि अलार्म.

आधी कॅमेरा. बहुतेक जण महिन्यातून एकदा उपाशीपोटी तपासतात, “आली बाबा १३०” म्हणतात आणि मशीन कपाटात. त्या आकड्यावरून जेवणाचं काहीच कळत नाही. त्यापेक्षा पट्ट्यांची जोडी वापरा. एक जेवायच्या आधी आणि दुसरी, पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी. पट्टी पंधरा-वीस रुपयांना पडते, रोज कोणाला परवडणार? आठवड्यातून एक जोडी केली तरी चालेल, फक्त दर वेळी जेवण वेगळं निवडा. ताटाचा फोटो काढा, मशीनचा फोटो काढा. तारीख-वेळ फोन आपोआप ठेवतो.

आपल्याकडं समज काय, ज्वारी शुगरला चालते, मग हाणा तीन भाकरी. ज्वारी चांगलीच आहे हो, पण तीही पिठूळच की. आत्याची पहिली जोडी: तीन भाकरी आणि बटाट्याची भाजी, आधी ११८, नंतर २३६. पुढच्या आठवड्यात दीड भाकर, मेथी, घट्ट वरण: १२२ आणि १७१. मी वर्षभर सांगून जे पटलं नव्हतं, ते या दोन फोटोंनी पटलं. जेवणानंतर १८० च्या आत राहावं, असं बहुतेकांना सांगतात. तुमचं वय, तुमचे आजार बघून तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील. एक मात्र ध्यानात ठेवा. घरच्या मशीनचा आकडा शंभराच्या वर असेल, तर १५ टक्के इकडं-तिकडं होणं चालतं, मानकच तसं आहे. तेव्हा १५० आणि १६० मध्ये फरक शोधत बसू नका.

आता अलार्म. हे खास ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी. दिवाळीच्या आसपास बीड, धाराशिवकडची माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पहाटे अंधारात फडात. घाईत ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी घेतली, पोटात काही नाही आणि वर कोयता चालवायचा. शुगर धाडकन खाली येते. घाम सुटतो, हात कापतात, डोळ्यापुढं अंधारी येते. ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मशीन जवळ नसलं तरी साखर आधी. माणूस शुद्धीत नसेल तर मात्र तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

म्हणून अलार्मची धून बदला. पोराच्या नाहीतर नातीच्या आवाजात रेकॉर्ड करा: “आई, भाकर खाल्ली का? मग गोळी.” वाचता येत नसलं तरी अडत नाही. आणि निघायच्या आधी सगळ्या कागदांचे, गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून घ्या. फाईल कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत भिजते, फोटो राहतात. आयुष्मान भारतचा १४ आकडी आभा क्रमांक (आपल्या आरोग्य खात्याचा नंबर) काढलेला असेल तर तोही त्यातच ठेवा. परगावी अडलात तर ई-संजीवनीवर डॉक्टरांशी सरकारी खर्चानं बोलता येतं. तिथं हेच फोटो कामाला येतात.

साधा फोन आहे म्हणून हिरमुसू नका. सेनेगलमध्ये २०१४ साली रमजानचे उपवास करणाऱ्या मधुमेहींना साध्या एसएमएसवर सल्ले पाठवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच उपक्रमातून २०१६ मध्ये भारतातही मधुमेहाचे एसएमएस सुरू झाले, मिस कॉल दिला की नाव नोंद.

उन्हाळ्याचं पटकन सांगतो. पट्ट्यांची डबी पत्र्याखाली, गाडीच्या डिकीत ठेवू नका, झाकण घट्ट लावा. फ्रीज नसेल तर इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या मडक्यात, सावलीला.

आणि ते सुई न टोचता शुगर सांगणारं घड्याळ, अंगठी? घेऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्येच बजावलं, असल्या एकाही उपकरणाला मान्यता दिलेली नाही. त्या पैशात पट्ट्यांच्या कितीतरी डब्या येतात!

परवा आत्याचा फोटो आला. मशीनवर १४२, शेजारी ताट, ताटात दीड भाकर. खाली तिचा आवाज: “हात धुतलेत.”