बी सापडली, पण झाड कुठलं?

स्क्रीनवर जी बी दिसतेय ना, ती जेमतेम 5 मिलिमीटरची आहे आणि वय 30 कोटी वर्षांच्याही वर. नाव लॅजेनोस्टोमा लोमॅक्साय. इंग्लंडमधल्या लँकेशरच्या कोळशाच्या खाणींतली.

खाणीतल्या कोळशात कधीकधी दगडी गोळे सापडतात, त्यांना कोल बॉल म्हणतात. दलदलीतला पालापाचोळा दाबला जायच्या आधीच त्यात चुना मुरला, म्हणून आतल्या पेशी अजून जशाच्या तशा आहेत. हल्ली असा गोळा करवतीने कापतात, घासून गुळगुळीत करतात, पातळ अ‍ॅसिडमध्ये क्षणभर बुडवतात, मग वर अ‍ॅसिटोन ओतून प्लास्टिकची पातळ फिल्म टाकायची आणि वाळली की हळूच सोलून काढायची, पेशींचा एक थर फिल्मला चिकटून येतो. परत घासायचं, परत सोलायचं. प्रचंड वेळखाऊ काम आहे, पण अख्खी बी आतून थराथराने वाचता येते.

आता खरी भानगड. बी सुटी सापडते, पान दुसरीकडे, खोड तिसरीकडे. कुठला भाग कुणाचा हे माहीत नसतं म्हणून प्रत्येकाला वेगळं नाव मिळतं. खोड मेड्युलोसा, पान अ‍ॅलेथोप्टेरिस, बीचा साचा राहिला असेल तर ट्रायगोनोकार्पस आणि आतल्या पेशी टिकल्या असतील तर पॅकिटेस्टा, आणि हे सगळं एकाच प्रकारच्या झाडाचं! म्हणजे नावांची यादी वाचून नातं कळेल असं समजू नका.

मग लॅजेनोस्टोमाचं झाड कसं सापडलं? 1903 मध्ये ऑलिव्हर आणि स्कॉट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी बीभोवतीच्या कपासारख्या आवरणावर बारीक ग्रंथी पाहिल्या, देठ असलेल्या, गोल डोक्याच्या. अगदी तश्शाच ग्रंथी त्याच दगडांतल्या लिजिनोप्टेरिस नावाच्या झाडाच्या खोडावर आणि पानांवर होत्या, बाकी कुठल्याच झाडावर नाही. बी फांदीला जोडलेली सापडलीच नव्हती, सगळी भिस्त त्या ग्रंथींवर. आणि पान तर नेच्याचं वाटायचं, नेच्याला कुठे बिया येतात? पुढच्याच वर्षी किडस्टन या संशोधकाला न्यूरोप्टेरिस या नेच्यासारख्याच पानाला खरोखर जोडलेली बी मिळाली आणि मग टेरिडोस्पर्म, म्हणजे नेच्यासारखी पानं पण बिया येणारी झाडं, खरंच होती हे पक्कं झालं. मला विचाराल तर या विषयातलं सगळ्यात देखणं डिटेक्टिव्ह काम हेच.

बियांची वर्गवारी करताना आधी आकार बघतात, आडव्या छेदात गोल की चपटी. पण चपटी बी कॉर्डाइटीस या कॉनिफरच्या (पाइन-देवदारांच्या गटाच्या) जवळच्या नामशेष झाडालाही होती आणि कॅलिस्टोफायटन या टेरिडोस्पर्मलाही, त्यामुळे नुसत्या आकारावर नातं ठरवलं की फसलोच. आत बघावं लागतं. लॅजेनोस्टोमात बाहेरचं आवरण आतल्या गाभ्याला जवळपास टोकापर्यंत चिकटलेलं, पॅकिटेस्टात फक्त बुडाशी. परागकण साठवायची पोकळी कशी आहे, हेही महत्त्वाचं. आणि हो, इतक्या जुन्या बियांत गर्भ सहसा सापडतच नाही, काटेकोर बोलायचं तर ही बीजांडंच, म्हणजे बी होण्याआधीची अवस्था.

त्याहून मागे गेलं, डेव्होनियन काळाच्या शेवटी, साधारण 36 कोटी वर्षांपूर्वी, तर अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या एल्किन्सिया या झाडाच्या बीजांडाभोवती सलग आवरणच नाही, वर सुटे असलेले लांबट लोब, म्हणजे बोटांसारखे भाग, आहेत. स्कॉटलंडच्या जरा नंतरच्या जेनोमोस्पर्मात एका जातीचे लोब एकमेकांपासून दूर, दुसरीचे जवळ आलेले. म्हणजे आवरण अशाच लोबांच्या जोडणीतून झालं असणार, असं बहुतेकांचं मत. आणि लाकूड तर बीच्याही आधीचं: 1960 मध्ये चार्ल्स बेक या संशोधकाने दाखवलं की आर्किओप्टेरिस या डेव्होनियन झाडाचं खोड कॉनिफरसारखं होतं, पण त्याला बिया नव्हत्या, बीजाणू होते.

पुढचं कोडं फुलझाडांचं: त्यांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक कोण? नीटेल्स (नीटम, इफेड्रा वगैरे) हा गट त्यांच्या जवळचा मानला जायचा. डीएनए म्हणतो की नीटेल्स कॉनिफरच्या जवळचे, पण अनावृतबीजींच्या (फळाच्या आवरणाशिवाय उघड्या बिया येणाऱ्या झाडांच्या) आज फक्त चार शाखा उरल्यात, नामशेष गटांचा डीएनए आणणार कुठून? 2007 मध्ये पोर्तुगाल आणि उत्तर अमेरिकेतल्या क्रिटेशियस काळातल्या, कोळसा झालेल्या इवल्याशा बियांचं सिंक्रोट्रॉन या यंत्रातल्या प्रखर एक्स-रेने स्कॅनिंग झालं आणि काही संशोधकांनी बेनेटिटेल्स (एक नामशेष गट) आणि नीटेल्स यांना एकत्र बसवलं. 2009 मध्ये रॉथवेल आणि सहकाऱ्यांनी बेनेटिटेल्सच्या बिया पुन्हा तपासून सांगितलं की त्यांची रचना तशी नाहीच. वाद मुख्यतः बीच्या आवरणाच्या थरांवरून आहे.