आजीला कळलेली हिंदी

नमस्कार. समोर पांढरे केस बरेच दिसताहेत, त्यामुळे 'बुधवारी रात्री आठ' म्हटल्यावर पुढचं सांगायची गरज नाही. (हशा) तरुण मंडळींनी शेजारच्या काकांना विचारावं, ते घरी जाईपर्यंत सांगत राहतील.

रेडिओ सिलोनवरच्या 'बिनाका गीतमाला' या हिंदी सिनेगीतांच्या क्रमवारीच्या कार्यक्रमाचे निवेदक अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. त्या आठवड्यात जे जे छापून आलं ते मी वाचलं, आणि माझा जीव हळहळला. सगळीकडे एकच, आवाज. मखमली आवाज, जादुई आवाज. पुढे नकला करणाऱ्यांचे व्हिडिओ. आवाज सुंदर होताच. पण त्या काळात रेडिओवर सुंदर आवाजांची काय वाण होती? त्यांचे थोरले भाऊ हमीद सयानी इंग्रजी निवेदनातलं बडं नाव होतं. माझं म्हणणं असं आहे की अमीन सयानींची खरी कमाई म्हणजे त्यांची भाषा, आणि ती भाषा रेडिओत नव्हे, घरात घडली. आजचा विषय तोच. त्याच्याकडे येतोच, पण आधी तुम्हाला मिरजेच्या वाड्यात घेऊन जातो.

साल १९६६-६७ असेल. ओसरीवरच्या फळीवर मर्फीचा रेडिओ, त्यावर आत्यानं विणलेलं झाकण, वर आढ्याला तांब्याच्या जाळीची एरियल. बटण फिरवलं की आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळे गप्प. मग खरखर. लघुलहरींचा आवाज कसा असतो ठाऊक आहे ना? जवळ येतो, लांब जातो, पुन्हा जवळ येतो. आमच्याकडे काटा हलवायचा मान फक्त काकांना. गाण्याच्या ऐन अंतऱ्यात आवाज गेला की पंधरा माणसं एकदम "अहो काका!" (हशा) वाड्यातली सगळी बिऱ्हाडं ओसरीवर जमायची, आणि उंबऱ्याशी पाय पसरून वाल सोलत आजी बसायची.

आजी निरक्षर होती. मिरजेबाहेर गेली ती पंढरपूरला, एवढंच. पण तो माणूस बोलायला लागला की तिचे हात थांबायचे. गाण्याला नाही हं, बोलण्याला! गाणं लागलं की पुन्हा वाल. ती त्याला 'बुधवारचा मुलगा' म्हणायची. अमुक गाणं चौथ्या पायदानावर आलं की म्हणायची, "म्हणजे चौथी पायरी. चढलं की गं!" हफ्ता म्हणजे हप्ता, मुकाबला म्हणजे मुकाबला, सरताज म्हणजे डोक्यावरचा ताज. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. फारसीतून आलेले हे शब्द आपल्या मराठीत, बाजारात, चावडीवर शेकडो वर्षं राबताहेत. त्याच रेडिओवर दुसरीकडे हिंदी भाषण लागलं की आजी म्हणायची, "बंद करा रे, कीर्तनकार रागावल्यासारखा वाटतोय."

आता माझं दुखणं सांगतो. मी तेव्हा हिंदीच्या परीक्षा देत होतो. एका तोंडी परीक्षेत मी 'इस हफ्ते' म्हणालो. परीक्षकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बाजारात शिकलास का हिंदी?" 'सप्ताह' म्हणायला लावलं, तीनदा. गुण कापले. घरी येऊन रडलो. आजीनं विचारलं काय झालं, सांगितलं, तर म्हणाली, "पण मला तर हफ्ताच कळतो." साठ वर्षं होत आली, अजून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि पुढे कधीतरी वाचलं की खुद्द सयानींनाही हिंदी निवेदनासाठी आकाशवाणीनं नाकारलं होतं. वाचन चांगलं, पण उच्चारात गुजराती आणि इंग्रजीची छटा आहे, असं कारण! मी पुस्तक मिटून तसाच बसलो. मला माझा परीक्षक आठवला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं.' बरं. अमिताभ बच्चन आवाजाच्या चाचणीसाठी आले होते तो किस्सा मग गाळतो, तो तुम्हाला पाठच आहे.

रेडिओ सिलोनचं थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी कोलंबोजवळ उभारलेलं ताकदवान प्रक्षेपण केंद्र युद्धानंतर सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, हाती आलं. इकडे १९५२ पासून बाळकृष्ण केसकर, म्हणजे आपलेच पुण्याचे, माहिती व नभोवाणी मंत्री. शास्त्रीय संगीताची त्यांची तळमळ खरी होती, ते मी मनापासून मानतो, पण त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली आणि श्रोता उठून कोलंबोला गेला. ३ डिसेंबर १९५२ ला बिनाका गीतमाला सुरू झाली. लिहायचं, बोलायचं, पत्रं तपासायची, सगळ्याचे मिळून आठवड्याला २५ रुपये. अनुभवी मंडळी तेवढ्यात तयार होईनात, म्हणून काम विशीतल्या अमीनकडे आलं. मुंबईत ध्वनिमुद्रण व्हायचं आणि टेप विमानानं कोलंबोला. पहिल्या भागाला ४०-५० पत्रं येतील असा अंदाज होता, आली ९,०००. पुढे आठवड्याला साठ हजारांच्या वर गेली. ही पत्रं लिहिणारं कोण होतं? गावागावांतली, हिंदी ज्यांच्या घरची नव्हती अशीही माणसं.

आता मूळ मुद्दा, पाच मिनिटांत. त्यांच्या आई कुलसुम सयानी. प्रौढ साक्षरतेचं काम करणाऱ्या, गांधीजींना मानणाऱ्या. १९४० ते १९६० त्यांनी 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवलं. नव्यानं अक्षरं शिकलेल्यांसाठी, सोप्या हिंदुस्तानीत. आणि तोच मजकूर तीन लिप्यांत, देवनागरी, उर्दू, गुजराती! हिंदी आणि उर्दूला जवळ आणायचा 'रहबर'चा उद्योग गांधीजींना आवडला होता. या अंकाच्या कामात छोटा अमीन आईला मदत करायचा. आता विचार करा. एकच वाक्य तीन लिप्यांत जायचं, आणि कालपरवा अक्षर ओळखलेल्या माणसाला कळायचं. त्यात अवघड शब्द टिकेलच कसा? ज्या पोराचा हात अशा मजकुरावर बसला, तो पुढे माइकसमोर 'सप्ताह' आणि 'हफ्ता' यांतलं काय निवडेल?

कार्यक्रमातली त्यांची 'बहनो और भाइयो' ही हाक घ्या. बहिणी आधी. आमच्या ओसरीवर माणसं पुढं आणि आजी उंबऱ्याशी. पण त्या दोन शब्दांत पहिली हाक तिला होती, आणि ती तिला ऐकू गेली होती. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हाही बातम्यांत पुन्हा आवाजच. 'रहबर'चे अंक कोणी नीट छापून काढावेत, गीतमालेच्या निवेदनांची संहिता भाषेच्या वर्गात लावावी, हे मी गेली कित्येक वर्षं सांगतो आहे. आज तुम्हालाही सांगतो.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. आता तीन मिनिटांचं एक निवेदन लावायला सांगितलं आहे. गाणं सुरू व्हायच्या आधीचं.